जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स: आधी पेनड्राइव्हवरून चालवा, मग ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टॉवेलच्या दुकानातला कॉम्प्युटर २०१२ चा. इंटेलचा आय थ्री, दुसरी जनरेशन, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, वर विंडोज १०. सकाळी बटण दाबलं की गल्ला मांडून, उदबत्ती लावून होते तरी स्क्रीन येत नाही. विंडोज ११ त्यावर चढत नाही. भाचा म्हणतोय, "मामा, लिनक्स टाका की, फुकट आहे." लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी कॉम्प्युटर चालवणारी दुसरी सिस्टीम. तुम्हाला मात्र काळजी हिशेबाच्या टॅलीची, कॅननच्या प्रिंटरची आणि अकरावीतल्या मुलीच्या अभ्यासाची. मशीन भंगारात द्यावं की भाच्याचं ऐकावं?

भंगारात देऊ नका. भाच्याचंही अर्धंच ऐका. लिनक्स लगेच 'टाकायचं' नाही, आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघायचं. हार्ड डिस्कवर काहीही न लिहिता अख्खी सिस्टीम पेनड्राइव्हवरून चालते आणि बंद केलं की तुमचं विंडोज होतं तसंच समोर येतं. बहुतेक लोक ही पायरी गाळतात. कुणीतरी पोरगा येतो, हार्ड डिस्क पुसून लिनक्स बसवून जातो, आणि दुसऱ्या दिवशी बिल छापायच्या वेळी कळतं की प्रिंटरच दिसत नाही. मग शिव्या लिनक्सला.

मशीन किती जुनं आहे यावर फारसं काही ठरत नाही. त्या मशीनला तुमची कोणती कामं बांधलेली आहेत, त्यावर ठरतं. तुमचा आय थ्री लिनक्ससाठी अजिबात जुना नाही. ६४ बिट आहे, ४ जीबी रॅम आहे, एवढं पुरतं.

पण त्याआधी कॅबिनेट उघडा. हे मी सोलापुरातल्या माणसाला मुद्दाम सांगतो, पुण्यातल्याला कदाचित सांगणार नाही. पूर्व भागातली किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतली, यंत्रमागाच्या शेडला लागून असलेल्या ऑफिसातली मशीनं उघडली की आत सगळीकडे एकच चित्र दिसतं. प्रोसेसरवरचा पंखा काढायचा, आणि त्याखाली ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये कापसाच्या तंतूंची घट्ट करडी गादी बसलेली असते. चिमट्याने धरून ओढली तर अख्खी एका तुकड्यात निघते. हवा जायला जागाच नसते. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. एप्रिल-मेमध्ये बाहेरच ४२-४३ अंश असतात, तेव्हा तर तो दिवसभर लंगडतच चालतो. टॉवेलच्या दुकानात मागाइतका कापूस उडत नसला तरी गठ्ठे फोडताना उडतोच. ब्रशने साफ करा, पंख्याखालची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावा. बऱ्याच मशीनांचा अर्धा आजार इथेच जातो, आणि त्याचा विंडोजशी काही संबंध नसतो.

कॅबिनेट उघडलंच आहे तर मदरबोर्डवरचा गोल सेलही बदलून टाका, सीआर २०३२ नावाचा, कुठेही मिळतो. तो संपलेला असला की लाइट जाऊन आली की मशीनची तारीख मागे जाते. तारीख चुकली की ब्राउझर बँकेची, जीएसटीची, सगळीच साइट 'असुरक्षित' म्हणून अडवतो, आणि माणूस इंटरनेटवाल्याशी भांडत बसतो.

आता लिनक्स कोणतं? शेकड्याने प्रकार आहेत आणि त्यावरून तरुण मंडळी तासन्‌तास वाद घालतात. तुम्ही त्या वादात पडू नका. लिनक्स मिंट घ्या, त्यातलं एक्सएफसीई नावाचं रूप. दिसायला विंडोज ७ च्या जवळचं, खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू, आणि अंगाने हलकं. मिंटची २२ ची मालिका उबुंटू २४.०४ वर बांधलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. तुमच्या विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. नोंदणी करणाऱ्यांना घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत आहे, तेवढीच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलची आठवी जनरेशन किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, तुमच्याकडे दोन्ही नाही. काही जण आडवाटेने चढवून देतात. धंद्याच्या मशीनवर ते करू नका, पुढचा अपडेट कधी अडेल याचा भरवसा नसतो.

ज्यांच्याकडे २ जीबी रॅमची मशीनं आहेत त्यांनी लुबुंटू किंवा अँटिएक्स बघावं. ३२ बिटच्या पेंटियम ४ वर आता जीव टाकू नका. डेबियनसारख्या सगळ्यांना सामावून घेणाऱ्या सिस्टीमनेही २०२५ च्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं.

मिंटची फाइल पावणेतीन-तीन जीबीची आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजची मर्यादा दोन जीबीची असेल तर ती मधेच लटकेल. ज्याच्याकडे फायबर आहे त्याच्याकडून उतरवून आणा. मात्र मिंटच्या अधिकृत साइटवरूनच, कुणी टेलिग्रामवर पाठवलेली 'स्पेशल' फाइल नको. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाणार, म्हणून मुलीचे फोटो असलेला घेऊ नका. विंडोजवर रुफस नावाचा छोटा मोफत प्रोग्राम आहे, त्यात फाइल निवडा, पेनड्राइव्ह निवडा, पार्टिशनच्या जागी एमबीआर ठेवा आणि सुरू करा. नुसती फाइल कॉपी करून पेनड्राइव्हवरून मशीन सुरू (बूट) होत नाही. दर महिन्याला कुणी ना कुणी तसं करून फोन करतो.

पेनड्राइव्ह मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डच्या यूएसबीत लावा. पुढचे पोर्ट जुन्या कॅबिनेटमध्ये सैल झालेले असतात. विंडोज या वेळी 'शट डाउन' करू नका, 'रीस्टार्ट' करा. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असलं की शट डाउन म्हणजे खरं तर अर्धवट झोप असते, आणि मग लिनक्सला तुमच्या डिस्कवरच्या फाइली नुसत्या वाचता येतात, त्यात काही लिहिता येत नाही. मशीन पुन्हा चालू होताना बूट मेनूची, म्हणजे कशावरून सुरू व्हायचं ते विचारणाऱ्या यादीची, कळ दाबत राहा. गिगाबाइटच्या बोर्डावर एफ १२, असुसवर एफ ८, इंटेलच्या स्वतःच्या बोर्डावर एफ १०, ब्रँडेड डेलवर एफ १२, एचपीवर एफ ९. यादीत एकच पेनड्राइव्ह कधी दोनदा दिसतो, एक नुसत्या नावाने आणि एक नावाआधी 'यूईएफआय' लागलेला. पहिला चालला नाही तर दुसरा घ्या. चित्र काळं पडून थांबलं तर पुन्हा चालू करून मिंटच्या सुरुवातीच्या यादीतला 'कंपॅटिबिलिटी मोड' निवडा. जुन्या ग्राफिक कार्डांना बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

मिंट उघडलं की डेस्कटॉपवर 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' असं चिन्ह दिसेल. त्याला हात लावायचा नाही. भाचा शेजारी बसला असेल तर त्याचा हातही धरा.

आणि वेगावरून मत बनवू नका. पेनड्राइव्हवरून सगळं हळू उघडतं, पहिल्यांदा ब्राउझर उघडायला अर्धा मिनिटही लागेल. इथे बघायचं ते एवढंच, की तुमची कामं होतात का. लोक वॉलपेपर बदलून बघतात, गाणं लावून बघतात आणि 'मस्त आहे' म्हणतात. तुम्ही रोज जे करता ते करून बघा. वायफायचा डोंगल लावा, दिसतो का. जीएसटीच्या साइटवर लॉगिन करा. बँकेची साइट उघडा. हार्ड डिस्कवरची तुमची दरपत्रकाची एक्सेल फाइल मिंटसोबत येणाऱ्या लिब्रेऑफिसमध्ये उघडा. साध्या बेरजा-टक्केवाऱ्या बिनबोभाट चालतात. मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) लिहिलेली फाइल असेल तर मात्र अडखळू शकते. मुलीला ज्या ॲपवर क्लास असतो तो ब्राउझरमधून उघडा, माइक-कॅमेरा तपासा. इथे केलेली सेटिंग बंद केल्यावर जातात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

याच बैठकीत एक काम उरकून घ्या. मेनूत 'डिस्क्स' नावाचं साधन आहे. त्यात तुमची ५०० जीबीची डिस्क निवडून 'स्मार्ट डेटा' बघा. खराब सेक्टर निघाले असतील तर तिथे आकडा दिसतो. तो शून्य नसेल तर लिनक्स-विंडोज हा विषय बाजूला ठेवून आधी टॅलीच्या डेटाचा बॅकअप घ्या, आजच. पुष्कळदा 'विंडोज स्लो झालंय' म्हणून येणारं मशीन म्हणजे मरायला टेकलेली डिस्क असते.

प्रिंटरबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण खरी मेख तिथे आहे. एपसनचे टाकीवाले एल सिरीजचे प्रिंटर सहसा त्रास देत नाहीत. एचपीचे लेझरही चालतात, पण १०२० किंवा पी १००७ सारख्या जुन्या मॉडेलना चालू होताना दर वेळी फर्मवेअर (आतला प्रोग्राम) पाजावं लागतं, म्हणून एचपीचं प्लगिन वेगळं उतरवावं लागतं. एकदा उतरवलं की मग ते निमूट चालतात. तुमचा कॅनन एलबीपी २९०० मात्र या बाबतीत कुप्रसिद्ध आहे. मशीन म्हणून सोन्यासारखं, सोलापुरात निम्म्या दुकानांत तेच आहे, पण ते कॅननच्या स्वतःच्या कॅप्ट नावाच्या भाषेत बोलतं. तिचा लिनक्सवरचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरशी बोलणारा प्रोग्राम, जुना, बंदिस्त आणि ३२ बिटच्या काळातला. बसतो, एखाददुसरा महिना चालतो, आणि एखाद्या अपडेटनंतर रुसतो. गिऱ्हाईक उभं असताना हा खेळ नको. त्या प्रिंटरला लिनक्सवर ओढायच्या भानगडीत पडू नका. तो कुठे ठेवायचा ते पुढे सांगतो.

समजा प्रिंटर सोडून बाकी सगळं जमलं. तरीही जुनी डिस्क पुसायची नाही. २४० जीबीची साटा एसएसडी घ्या, म्हणजे जुन्या डिस्कसारख्याच केबलवर चालणारी, आत काही न फिरणारी वेगवान डिस्क. तुमचा बोर्ड त्या काळचा, बहुधा एच ६१ चिपसेटचा असणार. त्यावर साटाचा वेग नव्या बोर्डांच्या निम्माच आहे, पण फिरणाऱ्या डिस्कपुढे तोही खूप झाला. दुकानदार एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी एसएसडी) घ्या म्हणाला तर नको म्हणा, तुमच्या बोर्डावर तिची जागाच नाही. रॅमचे स्लॉट दोन असतात. एक रिकामा असेल तर ४ जीबीची डीडीआर ३ ची पट्टी जुन्या बाजारातून घ्या. पट्टी डेस्कटॉपची आहे ना, तेवढं बघून घ्या, लॅपटॉपची आखूड असते. 'लिनक्स टाकल्यावर मशीन विमान झालं' असं जे लोक सांगतात, त्यात मोठा वाटा एसएसडीचा असतो. तीच एसएसडी विंडोजला लावली असती तर तेही पळालं असतं. मग लिनक्स कशाला? कारण विंडोज १० ची मुदत संपली आहे आणि नेटवरची कामं अपडेट थांबलेल्या सिस्टीमवर करू नयेत. कारण तेवढंच.

बसवायची माझी पद्धत अशी. मशीन बंद, वायर काढलेली. जुन्या डिस्कच्या दोन्ही केबल काढून ठेवायच्या. एसएसडी जोडायची. पेनड्राइव्हवरून चालू करून आता ते 'इन्स्टॉल' चिन्ह दाबायचं. 'इरेज डिस्क' असा पर्याय येतो तेव्हा पुसायला एसएसडीशिवाय समोर दुसरं काही नसतंच, त्यामुळे चुकून टॅली उडायचा प्रश्न येत नाही. बायोसमधला, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमधला, साटा मोड बदलायला जाऊ नका, नाहीतर जुनं विंडोज उघडायचं नाही. इन्व्हर्टर किंवा यूपीएस चालू असू द्या, मधे लाइट गेली तर सगळं पहिल्यापासून. काम झालं की जुनी डिस्क पुन्हा जोडायची आणि बायोसमध्ये एसएसडी पहिली करायची.

आता मशीन चालू केलं की मिंट येतं. टॅली हवी तेव्हा बूट मेनूची कळ दाबून जुनी डिस्क निवडायची, विंडोज येतं. टॅली विंडोजसाठीच बनलेली आहे. वाइन नावाच्या साधनातून ती लिनक्सवर चालवून दाखवणारे भेटतील, पण हिशेबाच्या वह्या अशा टेकूवर ठेवू नयेत. बिलं टॅलीतूनच निघतात, म्हणजे कॅननही तिथेच राहिला, त्याचा प्रश्न आपोआप मिटला. विंडोज चालू असेल तेव्हा नेटची केबल किंवा डोंगल काढलेला बरा. तिथे टॅली आणि छपाई, इथे बँक, मेल, जीएसटी, व्हॉट्सॲप. जीएसटीआरची फाइल टॅलीतून काढून त्याच डिस्कवर ठेवा, मिंटमधून ती दिसते आणि तिथून साइटवर चढवता येते. तुमची फर्म प्रोप्रायटरशिप असेल तर ओटीपीने काम भागतं. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर डीएससीचं टोकन (डिजिटल सहीची यूएसबी चावी) लागतं, आणि तेवढ्या कामासाठी सीएंच्या ऑफिसातलं मशीन वापरणं सोपं पडतं.

या दोन डिस्कच्या संसारात एक गंमत हमखास होते. संध्याकाळी सहाला विंडोज उघडाल तर घड्याळात साडेबारा वाजलेले असतील. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं, आणि भारताचा साडेपाच तासांचा फरक उघडा पडतो. सेल खराब नाही, व्हायरस नाही. लिनक्सला 'घड्याळ स्थानिक वेळेवर ठेव' असं एका ओळीच्या आज्ञेने सांगता येतं, ते काम भाच्याला द्या.

'फुकट आहे म्हणजे काहीतरी गोम असणार' असंही तुम्ही विचारलंय. गोम नाही. लिनस टोर्वाल्ड्स या हेलसिंकीतल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेलं हे काम आज मोठमोठ्या कंपन्या पगारी माणसं लावून पुढे नेतात, कारण त्यांचे सर्व्हर त्यावर चालतात. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तेच आहे. जगातले सर्वांत वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत. ॲन्टिव्हायरसचा दरवर्षीचा खर्च वाचेल हे खरं. पण 'आज रात्री वीज तोडणार, या नंबरवर फोन करा' असा मेसेज सिस्टीम बघून येत नाही. तिथे लिनक्स वाचवणार नाही.

मराठीचं सांगायचं तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट आधीपासून असतं, फक्त जोडायचं. तेलुगू आणि कन्नडही त्याच यादीत. सोलापुरात एकाच दुकानात बिल मराठीत, मालकाच्या आईला पत्र तेलुगूत आणि विजापूरच्या व्यापाऱ्याला निरोप कन्नडमध्ये जातो, त्यामुळे हे कामाचं आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या जुन्या फाइली मात्र तो फॉन्ट नसेल तर अगम्य अक्षरांत उघडतील, कारण त्या युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात नाहीत. ज्यांचा धंदाच कोरलड्रॉमध्ये पत्रिका जुळवण्याचा आहे, किंवा जेकार्डच्या डिझाइनचं डोंगल लागणारं सॉफ्टवेअर ज्यांच्याकडे आहे, त्यांनी विंडोजवरच राहावं. उगाच हौस म्हणून पोट बांधलेलं मशीन हलवू नये.

राहिला मुलीचा अभ्यास. व्हिडिओ बघताना १०८० वर अडखळेल, कारण तुमच्या प्रोसेसरमधलं ग्राफिक एच २६४ हा व्हिडिओचा जुना प्रकार सहज उलगडतं, पण यूट्यूब पुष्कळदा व्हीपी ९ हा नंतरचा प्रकार पाठवतं आणि मग सगळा भार प्रोसेसरवर येतो. ब्राउझरमध्ये एच २६४ मागून घेणारं एक्स्टेंशन मिळतं, किंवा सरळ ७२० वर बघायला सांगा. तिला सी प्लस प्लस आहे म्हणालात. त्याचा कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम चालण्याजोगा करणारं साधन) लिनक्सवर मोफत मिळतो आणि उत्तम चालतो. कॉलेजात अजून जुनं टर्बो सी वापरत असतील तर तिच्या वहीतले प्रोग्राम इथे जसेच्या तसे चालणार नाहीत, सुरुवातीची 'इन्क्लूड'ची ओळच चूक म्हणून दाखवेल. परीक्षेपुरतं टर्बो हवं असेल तर ते डॉसबॉक्स या जुने प्रोग्राम चालवणाऱ्या साधनात चालवता येतं. लिब्रेऑफिस आणि लिनक्स शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठीतले धडे फुकट आहेत. मुलीला ते दाखवा आणि पेनड्राइव्हची पहिली बैठक भाच्याऐवजी तिलाच करू द्या. रोज ते मशीन वापरणार ती आहे, भाचा दिवाळीनंतर परत जाईल.